अकरावा रकाना

४ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार घालायला दुकानात जागा नाही. काउंटरपुढे कपड्यांचे गठ्ठे पडले आहेत, तेव्हा उभ्याउभ्याच घ्या.

बातमी अशी की तुमच्या भाचीवर कोर्टाचा हुकूमनामा झाला आहे. घाबरू नका. मी चार दिवस पुरेसं घाबरून घेतलं आहे, आता घरात दुसऱ्या कोणी घाबरायची गरज नाही.

सहा वर्षांपूर्वी लाँड्रीसाठी वाफेच्या इस्त्रीचं मोठं मशीन हप्त्यांवर घेतलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. चौकातल्या लॉजच्या चादरी आमच्याकडे येत होत्या तोवर हप्ते वेळेवर गेले. गेल्या वर्षी लॉजवाल्यांनी स्वतःचीच लाँड्री काढायची ठरवली, चादरी बंद झाल्या आणि हप्तेही. कंपनीने दावा लावला. निकाल एकतर्फी लागला, कारण मी कोर्टात गेलेच नाही. का गेले नाही ते लिहायला लाज वाटते, पण तुम्हाला नाही सांगणार तर कोणाला.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाच्या खिशात सापडलेला कागद वाचायचा नाही. कपड्याचा नंबर लावायचा आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. लोकांच्या खिशात काय काय असतं हे आपल्याला कळू नये, यावरच लाँड्रीची अब्रू चालते. समन्स आलं त्या दिवशी मी कपडे पोचवायला गेले होते. आमच्या इस्त्रीवाल्या मावशींनी सही करून ते घेतलं, कोटांच्या ढिगावर ठेवलं आणि कामाच्या गडबडीत विसरल्या. संध्याकाळी त्यांना वाटलं, हा कागद कुठल्या तरी कोटातून पडला. नियमाप्रमाणे न वाचता घडी घातली, ढिगातल्या वरच्या कोटाचा नंबर लावला, डब्यात. तीन महिने तो माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, मी तर वळसासुद्धा घातला नाही. शेवटी तो कोट न्यायला दातांचे म्हातारे डॉक्टर आले, त्यांना कोटाबरोबर समन्सही मिळालं. दुसऱ्या दिवशी पांढरे पडून परत आले. म्हणाले, मी आयुष्यात कधी लाँड्री चालवलेली नाही, माझ्यावर दावा कसा? तोवर निकाल लागून आठवडा झाला होता.

रक्कम व्याजासकट चार लाख साठ हजार. मार्चअखेर भरली नाही तर जप्ती. बेकरीच्या वर बसणारे वकील म्हणतात, सरळ दिवाळखोरीचा अर्ज करा, जप्ती तिथेच थांबेल. तुमचे जावईही तेच म्हणतात, पण ते शाळेत चित्रकला शिकवतात, त्यांना सगळंच पुसून नव्याने काढता येतं असं वाटतं.

मामा, तुम्ही एकतीस वर्षं कोर्टात बेलिफ होतात. जप्तीचे हुकूम घेऊन लोकांच्या दारात उभे राहिलात. अर्ज केलेलेही पाहिलेत आणि न केलेलेही. शहाणपणाचं कोणतं? खरं सांगा, गोड नको.

तुमची,
घाईबाई


९ फेब्रुवारी

चि. घाईबाई,

नमस्कार पोचला. आशीर्वादही उभ्याउभ्याच घे, कारण माझ्या खुर्चीवर सध्या पुस्तकं आहेत. वरची खोली आवरायला काढली आहे. एकट्या माणसाला दोन मजले म्हणजे खायला उठतात, तेव्हा एखादा भाडेकरू बघतो आहे.

आधी तुझ्या मावशींना सांग की मी त्यांना दोष देत नाही. कागद न वाचणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण नियम म्हणून न वाचणारी ही पहिलीच. एकतर्फी निकाल फिरवून मागता येतो, पण त्यात पडू नकोस. कर्ज खरं आहे ना? मग तारखा वाढवून फक्त वकिलाच्या मुलीचं लग्न होईल.

आता तुझा प्रश्न. अर्ज कर. याच आठवड्यात कर.

लोक दिवाळखोरीला मरणासारखं भितात. मी दोन माणसांची गोष्ट सांगतो. एक फर्निचरवाला होता. लोक काय म्हणतील या भीतीने त्याने अर्ज केला नाही. एकाचं देण्यासाठी दुसऱ्याकडून घेतलं, दुसऱ्याचं देण्यासाठी तिसऱ्याकडून. आगीतून फुफाट्यात. शेवटी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा जप्त करायला त्याची जेवायची खुर्चीसुद्धा शिल्लक नव्हती, उभ्याने जेवत होता. दुसरा शिंपी. दिवाळं निघालं म्हणून पेपरात नाव आलं, आठ दिवस तोंड लपवून बसला. नवव्या दिवशी उठून पुन्हा मशीनवर बसला. माझी ही पँट त्यानेच शिवलेली आहे.

तोटे आहेत, ते लपवत नाही. काही वर्षं कोणी उधार देणार नाही. तुला तेच बरं, उधारीनेच तू इथवर आलीस. कोर्टाचा माणूस येऊन दुकानातल्या वस्तूंची यादी करेल. करू दे. इस्त्री, टेबल, पोटाची हत्यारं सोडतात, हे मी अनुभवाने सांगतो. मशीन जाईल. जाऊ दे.

पदरी एक मावशी आणि एक चित्रकार असताना मानापमान धरायचा नसतो. अर्ज कर.

तुझा,
मामा


१५ फेब्रुवारी

ती. मामा,

तुमचं पत्र मावशींना वाचून दाखवलं. पत्र खिशातलं नसल्यामुळे त्यांनी ऐकून घेतलं. तुम्ही दोष देत नाही म्हटल्यावर त्यांनी दोन दिवसांनी पहिल्यांदा चहाला होकार दिला.

वकिलांकडून अर्ज आणला. अठरा पानं आहेत. आयुष्यात कोणी मला इतके प्रश्न विचारले नव्हते, लग्न ठरवताना तुम्हीसुद्धा नाही. घरात खुर्च्या किती, त्यातल्या मोडक्या किती. दागिने कोणते, ते कोणी दिले. जावई शेजारी बसून खुर्च्या मोजत होते आणि त्यांनी प्रत्येकीचं चित्रही काढलं. रात्री जेवणाआधी दहा रकाने भरून झाले.

अकराव्या रकान्यात पेनची शाई संपली.

मग मी विचार केला, की घाई कशाला? पेपरात नाव येईल ते दातांचे डॉक्टर वाचतील, त्यांना आधीच एकदा धक्का बसला आहे. शिवाय मावशींची चाळीस वर्षांची नोकरी, त्यांना दिवाळखोर मालकीण म्हणजे कसं दिसेल. शिवाय वकील अर्जाचे पंचवीस हजार मागतात. दिवाळखोर व्हायलाही आधी श्रीमंत असावं लागतं हे मला माहीत नव्हतं. दुसरा काही मार्ग असेल तर कळवा. हप्ते बांधून घेता येतात का?

तुमच्या भाडेकरूचं काय झालं? अनोळखी माणसाला घरात घेऊ नका. तुम्हाला कधीपासून घर खायला उठायला लागलं?

घाईबाई


२१ फेब्रुवारी

चि. घाईबाई,

पत्राबरोबर पेन पाठवलं आहे. नवीन आहे, शाई भरलेली आहे, आणि दुकानदाराने मला खात्री दिली आहे की ते अकराव्या रकान्यातही चालतं.

तुझं नाव मी घाईबाई ठेवलं ते तू चालायला शिकायच्या आधी पळायला लागलीस म्हणून. आज पहिल्यांदा तू म्हणतेस, घाई कशाला. तुझं हे मला ओळखू येतं. ही ऐट आहे. तुझ्या आईचीही होती. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायची वेळ आली तर ती बिनसाखरेचा चहा पिऊन म्हणायची, असाच चांगला लागतो. ताईच्या त्या ऐटीला मी कधी काही बोललो नाही, धाकटा होतो. तुला बोलतो, कारण तुझ्यापेक्षा मोठा आहे.

हप्त्यांचं म्हणशील तर कोर्टाला विनंती करता येते, पण कंपनीने मान्य करायला हवं, आणि एक हप्ता चुकला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पाटी पुसायची संधी आहे तर पुसून घे. पंचवीस हजारांची काळजी करू नकोस, मनीऑर्डरने पाठवतो. स्कूटर विकली. गुडघ्यांना आता किक मारवत नाही.

भाडेकरू आला. रात्रपाळीची नर्स आहे. मी उठतो तेव्हा ती झोपते आणि मी झोपतो तेव्हा ती जाते, त्यामुळे आमचं उत्तम जमतं. सहा महिन्यांचं भाडं तिने आगाऊ दिलं.

एवढं ऐक. आता कारणं सांगू नकोस. अर्ज भरून टाक, मग बघू.

मामा


२६ फेब्रुवारी

ती. मामा,

मनीऑर्डर परत पाठवते आहे. पेन ठेवून घेतलं, त्यानेच हे लिहिते.

शाई संपली नव्हती. तुमच्याशी खोटं बोलले. अकराव्या रकान्यात लिहिलं आहे, ‘जामीनदाराचे नाव व पत्ता’.

मामा, ते नाव तुमचं आहे. मी विसरले होते. शपथेवर सांगते, पहिलं पत्र लिहिताना मला आठवणही नव्हती. तो कागद तुमच्या इस्त्रीच्या शर्टांबरोबर पाठवला होता, तुम्ही सही करून रिकाम्या पिशवीतून परत पाठवला होतात. त्या वेळी लॉजच्या चादरी रोज येत होत्या, जामीन हा शब्दसुद्धा नुसता शोभेला वाटत होता. रकाना वाचला आणि पेन हातातून खाली ठेवलं. जावयांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं शाई.

दुसऱ्या दिवशी वकिलांच्या कारकुनाला विचारलं. तो पान खात म्हणाला, बाई, तुमचं कर्ज सुटेल, जामीनदाराचं नाही सुटत. कंपनी सरळ त्याच्याकडे जाईल. म्हणजे मी अर्ज करायचा आणि तुमच्या घरावर कोणीतरी हुकूम घेऊन यायचं. चोर सोडून संन्याशाला सुळी. तुम्ही मला अर्ज कर, अर्ज कर म्हणून लिहिता आणि मी इथे एकेक पत्र वाचून रडते, की या माणसाकडे आपण काय मागतो आहोत हेच त्याला माहीत नाही.

तेव्हा ऐट नाही, मामा. मी अर्ज करणार नाही. जप्ती आली तर येऊ दे, दुकान गेलं तर दुसऱ्याच्या दुकानात इस्त्री करेन. तुमच्या दोन मजल्यांतली एक वीट गेली तर मात्र मला आईला तोंड दाखवता येणार नाही, कुठे का असेना ती.

रागावला असाल तर पत्रात रागवा. गप्प राहू नका.

तुमची भाची


३ मार्च

चि. घाईबाई,

रागावलो आहे. मनीऑर्डर परत पाठवल्याबद्दल. पोस्टातला माणूस मला विचारत होता, घरात भांडण झालं का.

बाकीचं मला माहीत होतं.

एकतीस वर्षं मी लोकांच्या दारात कागद वाचून दाखवले. ज्याच्यावर माझी स्वतःची सही आहे तो कागद मी विसरेन? तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी पेटीतून जामिनाची नक्कल काढली. दोनदा वाचली. मग बसून हिशेब केला. वरची खोली भाड्याने दिली, स्कूटर विकली, पेन्शनमधून महिन्याला थोडं बाजूला टाकलं, तर पाच वर्षांत मला फेडता येतं. आणि पेन्शनवर जप्ती येत नाही, घरात भाडेकरू असला तर घर विकायला कंपनीला नाकी नऊ येतात. हे सगळे आडरस्ते मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या घरी पाहिले आहेत. मी स्वतः कधी एकावरून चाललो नाही, म्हणून म्हटलं आता चालून बघू.

तू विसरली आहेस हे पत्रावरून कळलं होतं. मला वाटलं, ही विसरलेलीच असताना अर्ज करून मोकळी होऊ दे. त्या रकान्याची मला कल्पना नव्हती. अर्जाचा नमुना बदललाय वाटतं, आमच्या वेळी नव्हता तो.

आता स्पष्ट लिहितो, कारण लपवाछपवीत दोघंही नापास झालो आहोत. ताईने मला वाढवलं. तिचं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, पाठवणीच्या वेळी मी तिच्या ट्रंकेवर बसून राहिलो आणि ट्रंकेबरोबर मीही गेलो. तुझ्या वडिलांनी मला परत जा असं एकदाही म्हटलं नाही. त्या घरात मी फुकट जेवलो, शिकलो. ते देणं कोणत्या कोर्टात भरायचं हे मला कधी कळलं नाही. ही संधी आली आणि मला आनंद झाला, हे तुला विचित्र वाटेल. वाटू दे.

म्हणून अजूनही माझा सल्ला तोच. अर्ज कर. नाव माझं लिही, पत्ता बरोबर लिही. माझ्या दारी येणारा बेलिफ माझ्याच हाताखाली तयार झालेला असेल, त्याला मी चुकीच्या जागी शिक्का मारल्याबद्दल पुष्कळदा बोललो आहे.

तुझा,
मामा


२० मार्च

ती. मामा,

पंधरा दिवस पत्र नाही म्हणून तुम्ही काळजी केली असेल. करायला हवीच होती, मी तुमचा सल्ला मोडत होते.

तुमचं पत्र वाचून मी कपड्यांच्या ढिगावर बसून रडले. मावशींनी विचारलं नाही, फक्त खालचा ओला झालेला शर्ट काढून पुन्हा इस्त्रीला घेतला. मग उठले आणि चौकातल्या लॉजवर गेले. त्यांनी लाँड्री काढायची ठरवली होती, पण मशीन अजून घेतलं नव्हतं, चादरी बाहेरगावी पाठवत होते. मी मॅनेजरला म्हटलं, तुमच्याच चादरींवर सहा वर्षं चाललेलं मशीन आहे, तुमच्या चादरी ओळखतं. तो हसला. तीन दिवस घासाघीस झाली. एक लाख ऐंशी हजार.

तो आकडा आणि अर्धवट भरलेला अर्ज घेऊन मी कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांपुढे दोन्ही ठेवले. म्हटलं, हा अर्ज केला तर तुम्हाला जुनं मशीन मिळेल आणि वाट बघायला मिळेल. नाही केला तर एक लाख ऐंशी हजार परवा रोख, आणि राहिलेले दोन लाख ऐंशी हजार दहा-दहा हजारांच्या अठ्ठावीस हप्त्यांत. पण एका अटीवर. जामीनदार मोकळा करायचा.

साहेब म्हणाले, जामीनदार का सोडू? तुम्ही बुडालात तर तोच आमचा आधार.

तेव्हा, मामा, मी तुमचंच पत्र त्यांच्यावर वापरलं. म्हटलं, “साहेब, पेन्शनवर जप्ती येत नाही. स्कूटर त्यांनी विकली. घरात नर्स भाडेकरू आहे, तिच्यासकट घर विकून दाखवा. आणि जामीनदार एकतीस वर्षं बेलिफ होते. त्यांच्या दारी बेलिफ पाठवायचा असेल तर जरूर पाठवा.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग आत जाऊन कोणाशी तरी बोलून आले. परवा कोर्टात दोन्ही बाजूंनी सह्या झाल्या. वकिलांनी पाच हजारांत भागवलं. वर म्हणाले, अर्ज केला असता तर सोपं गेलं असतं. कोणाला, ते बोलले नाहीत.

हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कोर्टाच्या खिडकीवर भरायचा आहे. सह्यांच्या दिवशी बघून आले, सकाळी दहालाच रांग जिन्यापर्यंत असते. तुम्हाला मोकळं केल्याचा कागद वेगळा येईल. तुम्ही मला दिवाळखोरीचा सल्ला दिलात आणि मी तो ऐकला नाही, याबद्दल माफी मागणार नाही. तुम्हाला न विचारता तुमचं नाव काढलं, त्याबद्दल थोडी मागते.

घाईबाई


२८ मार्च

चि. घाईबाई,

कागद आज आला. घेऊन कोण आला माहीत आहे? माझ्याच हाताखालचा तो, शिक्का चुकवणारा. दारात उभं राहून त्याने तोंडपाठ सुरू केलं आणि मध्येच थांबला. म्हणाला, “साहेब, असला कागद मी कधी वाचला नाही. यात घ्यायचं काहीच नाही.” मी त्याला आत बसवलं. एकतीस वर्षांत मी शेकडो दारं वाजवली, पण माझा कागद वाचून कोणी हसलं नव्हतं. आज मी हसलो आणि मग डोळे पुसले, आणि तो बिचारा चहाचा कप धरून कुठे बघावं हे न कळून नर्सबाईंच्या चपलांकडे बघत राहिला.

तुला चुकीचा सल्ला दिला असं मी म्हणणार नाही. एकट्या माणसाला तो बरोबर होता. तू एकटी नाहीस हे मला ठाऊक होतं, आणि मला वाटत होतं की तेवढं फक्त मलाच ठाऊक आहे. तिथे चूक झाली.

मला न विचारता माझं नाव काढलंस, त्याचा राग आहे. जामीनदार काढता येतो. मामा काढता येत नाही, त्याला कोणतंच कोर्ट नाही. पैसे पाठवले तर तू परत पाठवशील, म्हणून पाठवत नाही.

पण कोर्टाची खिडकी कुठल्याही गावची असो, मला माहीत आहे. कारकून साडेदहाला येतो, अकराला चहाला जातो, आणि अकरा ते बारा रांग हलत नाही. तू दुकान बंद ठेवून तिथे उभी राहिलीस तर दिवसाची कमाई बुडेल. चार तारखेच्या गाडीने मी येतो. अठ्ठावीस महिने, दर महिन्याला येतो. आता नाही म्हणू नकोस, गाडीचा पास काढून झाला आहे.

हप्ता तूच भर. रांगेत मी उभा राहतो.

तुझा,
मामा